रोबसन काउंटीचा ठिपका-नकाशा : पहिला पूर्ण मसुदा

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रोबसन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ठिपका-नकाशाचा, म्हणजे ठरावीक संख्येच्या माणसांमागे एक रंगीत ठिपका टाकून वस्ती दाखवणाऱ्या नकाशाचा, पहिला पूर्ण मसुदा हाती आला आहे. मागील नोंदीपर्यंत केवळ सीमा, रस्ते आणि लंबर नदीचा प्रवाह एवढेच थर बसले होते. आता २०२०च्या जनगणनेतील लोकसंख्या वांशिक गटांनुसार त्यावर उतरली आहे, आणि ज्या कारणासाठी ही काउंटी निवडली होती ते कारण नकाशावर स्पष्ट दिसू लागले आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतील बहुतेक ग्रामीण काउंट्यांचे वर्णन गोरे आणि कृष्णवर्णीय या दोन गटांवर भागते. रोबसनचे तसे नाही. येथील सर्वांत मोठा गट मूळनिवासी अमेरिकनांचा, म्हणजे जवळजवळ सर्वस्वी लम्बी जमातीचा, असून तो लोकसंख्येच्या पाच भागांपैकी दोन भागांच्या थोडा खाली आहे. त्याखालोखाल सुमारे एक चतुर्थांश बिगर-हिस्पॅनिक गोरे, एक पंचमांशाहून थोडे अधिक कृष्णवर्णीय आणि साधारण एक दशांश हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळ सांगणारे, लोक आहेत. कोणताही गट निम्म्यावर नाही. लम्बी जमातीला संघराज्याने राखून दिलेला स्वतंत्र भूप्रदेश नसल्यामुळे नकाशावर आखता येईल अशी त्यांची कोणतीही अधिकृत सीमा नाही, ही गोष्ट नकाशा करणाऱ्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. त्यांची वस्ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे केवळ माणसांच्या ठिपक्यांवरूनच समजू शकते.

माहितीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली, मतदारसंघांच्या फेररचनेसाठीची जनगणना फाइल घेतली. जनगणनेत हिस्पॅनिक असणे हा वंशाहून वेगळा प्रश्न आहे. फाइलमधील पहिल्या तक्त्यात केवळ वंश आहे, तर दुसऱ्या तक्त्यात आधी हिस्पॅनिक लोक वेगळे काढून उरलेल्यांची वंशनिहाय विभागणी केली आहे. मी दुसरा तक्ता वापरला, कारण पहिल्या तक्त्यावरून नकाशा केला असता तर सेंट पॉल्स आणि रेड स्प्रिंग्ज या उत्तरेकडील गावांतील हिस्पॅनिक वस्ती ‘इतर वंश’, ‘गोरे’ आणि ‘एकाहून अधिक वंश’ अशा तीन रंगांत विखुरली असती आणि ती वस्ती म्हणून दिसलीच नसती. शेजारच्या ब्लेडन काउंटीतील टार हील येथे १९९२ मध्ये सुरू झालेला डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा अवाढव्य कारखाना आणि रोबसनमधीलच लंबर ब्रिज येथील कोंबड्यांचा कारखाना हे नकाशावर ठेवले, की उत्तर आणि ईशान्य भागातील या ठिपक्यांची संगती लागते.

सहा मूळ वांशिक गटांपासून एक किंवा अनेक निवडण्याची मुभा असल्याने जनगणनेत एकूण ६३ प्रकार तयार होतात. ते सगळे रंगवणे अर्थहीन आहे. मी मूळनिवासी, कृष्णवर्णीय, गोरे, हिस्पॅनिक आणि उरलेले सर्व असे पाच रंग ठेवले. मूळनिवासींसाठी ‘केवळ हाच वंश’ सांगणाऱ्यांचा आकडा घ्यावा की ‘हा आणि आणखी एखादा’ सांगणाऱ्यांचाही, यावर बराच विचार केला. देशभरात दुसऱ्या प्रकारची संख्या २०१० मध्ये ५२ लाख होती, ती २०२० मध्ये ९७ लाखांवर गेली. प्रश्नाची रचना आणि उत्तरांचे संकेतीकरण बदलल्याचा त्या वाढीत मोठा वाटा आहे. रोबसनमध्ये मात्र पहिल्याच प्रकारातील आकडा इतका ठळक आहे, की तो घेतल्याने नकाशाचा आशय बदलत नाही आणि कोणताही माणूस दोनदा मोजला जात नाही.

या टप्प्यातील सर्वाधिक वेळ ठिपके कोठे टाकायचे या प्रश्नाला दिला. ब्लॉक हे जनगणनेचे सर्वांत लहान भौगोलिक एकक आहे. २०२०च्या आकडेवारीत व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून जनगणना ब्यूरोने हेतुपुरस्सर गणिती फेरफार मिसळला असून राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली आहे. त्यामुळे एखाद्या लहान ब्लॉकमध्ये दिसणारी चार कृष्णवर्णीय माणसे तेथे खरोखर असतीलच असे नाही. ब्लॉकचे आकडे एकत्र केले, की हा फेरफार बऱ्याच अंशी एकमेकांत विरतो. म्हणून प्रत्येक गटाची एकूण संख्या मी ब्लॉक ग्रुपच्या, म्हणजे शेजारच्या अनेक ब्लॉकांच्या समूहाच्या, पातळीवरून घेतली, दहा माणसांना एक ठिपका असे प्रमाण धरले आणि ते ठिपके आतील ब्लॉकांमध्ये त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले.

रोबसन हा दलदलींचा मुलूख आहे. बॅक स्वॉम्प, राफ्ट स्वॉम्प, बर्न्ट स्वॉम्प ही नुसती ओढ्यांची नावे नसून तेथील टाउनशिपांची, म्हणजे काउंटीच्या पोटविभागांचीही नावे आहेत. भूआच्छादनाच्या राष्ट्रीय माहितीतील ९० क्रमांकाचा वर्ग, म्हणजे वृक्षाच्छादित पाणथळ जमीन, ब्लॉकांच्या आकृत्यांमधून वजा केल्यावर ठिपके पाण्यातून उठून शेतांच्या आणि रस्त्यांच्या कडेला गेले. याहून पुढे जाऊन इमारतींच्या उपलब्ध आराखड्यांवर ठिपके बसवणे क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अवघड नव्हते, परंतु ते मी केले नाही आणि करणारही नाही. कोणाच्या घरावर त्याच्या वंशाचा रंग लावलेला दिसेल असा नकाशा, आकडे त्याला आधार देत नसताना, काढणे मला अयोग्य वाटते.

ठिपके रंगवण्याच्या क्रमाकडे हे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्ष द्यावे. गटागणिक वेगळा लेयर ठेवल्यास सर्वांत वर असलेला गट दाट वस्तीत बाकीच्यांना झाकून टाकतो आणि लंबरटनसारखे संमिश्र शहर एकरंगी दिसू लागते. सर्व ठिपके एकाच लेयरमध्ये आणून प्रत्येकाला यादृच्छिक क्रमांक दिला आणि त्या क्रमांकाने रेखाटन करवले, तेव्हा शहराचा खरा पोत समोर आला. लंबरटनमधील तुरुंगांच्या ब्लॉकांवर दाट पुंजके येतात. कैद्यांची गणना तुरुंगाच्या जागीच होते आणि संस्थांमध्ये राहणाऱ्यांचा तक्ता वंशनिहाय नाही, म्हणून त्यांना शेजारच्या वस्तीतून नेमके वेगळे काढता येत नाही. अशा ब्लॉकांतील ठिपके मी पोकळ ठेवले आहेत.

आता नकाशात काय दिसते ते. पेम्ब्रोक येथे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन लोहमार्ग एकमेकांना छेदतात. त्या फुलीभोवती मूळनिवासींचा रंग गडद आहे आणि तो उत्तरेला प्रॉस्पेक्टकडे, ईशान्येला सॅडलट्रीच्या दिशेने रस्त्यारस्त्याने पसरत जातो. गावाची हद्द कोठे संपली हे ठिपक्यांवरून सांगता येत नाही, कारण ही वस्ती गावठाणात गोळा झालेली नसून शेतांमधून सलग पसरलेली आहे. दक्षिणेला फेअरमाँट आणि रोलंड या जुन्या तंबाखूच्या पट्ट्यातील गावांत कृष्णवर्णीयांचे ठिपके दाटतात. काउंटीची सरासरी पाहून तिन्ही गट सर्वत्र मिसळून राहत असतील असा समज होतो. नकाशा तो समज मोडतो.

या विभागणीला इतिहास आहे. १७९०च्या पहिल्या जनगणनेत लम्बींच्या पूर्वजांच्या कुटुंबांची नोंद ‘इतर सर्व मुक्त व्यक्ती’ या, म्हणजे गोरे नसलेल्या पण गुलामही नसलेल्या लोकांच्या, रकान्यात झाली होती. १८३५ मध्ये राज्यघटनेच्या दुरुस्तीने गोरे नसलेल्या मुक्त लोकांचा मताधिकार काढून घेतला. १८८५ मध्ये राज्याने या समाजाला मूळनिवासी म्हणून मान्यता दिली, त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा सुरू झाल्या आणि १८८७ मध्ये शिक्षक घडवणारी संस्था स्थापन झाली. तीच १९०९ मध्ये पेम्ब्रोकला आली आणि आज विद्यापीठ आहे. गोऱ्यांच्या, कृष्णवर्णीयांच्या आणि लम्बींच्या अशा तीन स्वतंत्र शाळाव्यवस्था या एका काउंटीत अनेक पिढ्या चालल्या. शाळा आणि चर्च यांच्याभोवती घरे उभी राहतात, हे ध्यानात घेतले तर पेम्ब्रोकभोवतीचा गडद रंग मला तरी योगायोगाचा वाटत नाही.

एका गोष्टीची टीप नकाशावरच छापणार आहे. काउंटीची लोकसंख्या २०१० मध्ये १,३४,१६८ होती, ती २०२० मध्ये १,१६,५३० भरली, म्हणजे सुमारे १३ टक्के घट झाली. या दशकात २०१६चे मॅथ्यू आणि २०१८चे फ्लॉरेन्स ही दोन चक्रीवादळे आली आणि लंबर नदीच्या पुराने लंबरटनच्या दक्षिण व पश्चिम भागांतील वस्त्या बुडवल्या. परंतु जनगणनेनंतरच्या ब्यूरोच्या स्वतःच्या पडताळणीत देशपातळीवर हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के आणि कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी, तर बिगर-हिस्पॅनिक गोरे १.६४ टक्के अधिक मोजले गेल्याचे आढळले. हे प्रमाण एका काउंटीला जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही वाचणाऱ्याने कोणत्या रंगाचे ठिपके विरळ आणि कोणते दाट पडले असण्याची शक्यता आहे हे जाणूनच नकाशा पाहावा.

पुढील टप्प्यात २०१०चे आकडे याच पद्धतीने मांडायचे आहेत. ब्लॉकांच्या सीमा दोन जनगणनांमध्ये बदलतात, त्यामुळे आधी दोन्ही वर्षांच्या ब्लॉकांचा मेळ घालणारी जोडणी-फाइल लावावी लागेल. त्यानंतर पुराच्या पट्ट्यातील ब्लॉक ग्रुप तेवढे वेगळे काढून तेथे कोणत्या गटाचे लोक किती कमी झाले हे पाहायचे आहे. ज्यांनी महाराष्ट्रातील २०११ची गावनिहाय आकडेवारी ठिपक्यांत मांडली आहे त्यांनी बदललेल्या सीमांचा प्रश्न कसा सोडवला, हे वाचायला मला आवडेल.