रुमालाचा नमुना

सोलापुरात कापडाची वानवा नाही. पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत टॉवेल नाहीतर चादर जातेच. तरी आमच्या घरात सर्वांत जपलेले कापड म्हणजे आईने भरलेला एक रुमाल, आणि तो दिसला की मला शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातील एमिलिया आठवते, नायिका डेस्डेमोनाची दासी आणि खलनायक इयागोची बायको. नाटककार देवलांनी १८९० मध्ये या नाटकावरून मराठीत ‘झुंझारराव’ लिहिले, तेव्हापासून आपण हळहळतो ती नायक-नायिकेसाठी. एमिलिया मात्र रुमाल लांबवणारी म्हणूनच लक्षात राहते.

वास्तविक डेस्डेमोनाच्या हातून पडलेला, स्ट्रॉबेरी भरलेला तो रुमाल उचलताना ती स्वतःशी म्हणते, की याचा नमुना उतरवून घेईन आणि इयागोला देईन. काय देईन, रुमाल की नक्कल, हे त्या वाक्यावरून नीट कळत नाही, आणि माझे मन नेमके तिथेच अडते. आईच्या पिढीत शेजारणीचा रुमाल दुपारपुरता मागून आणत, पातळ कागदावर त्याची नक्षी गिरवत, रेघांवर सुईने दाट टोचे मारत आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवत; कागद उचलला की खालच्या कापडावर निळ्या ठिपक्यांचे फूल उमटलेले असे. (रॉकेलचा वास मात्र दोन धुण्यांपर्यंत जात नसे.) सोलापूरच्या पूर्व भागातील जेकॉर्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागांवर चादरीची नक्षीही भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरूनच उतरत आली आहे, त्यामुळे नमुना उतरवणे ही आम्हाला चोरी वाटत नाही.

एमिलियाला ती एक दुपार मिळत नाही. इयागो लगेच येतो आणि ऑथेल्लोच्या मनात डेस्डेमोनाविषयी संशय पेरायला रुमाल हिसकावून घेतो. पुढे डेस्डेमोना रुमाल शोधते तेव्हा ‘मला ठाऊक नाही’ असे ती सांगते. त्या उत्तराची वकिली मला करता येत नाही. पण अखेरीस नवरा घरी जा म्हणून दरडावत असताना, आता कदाचित घरी कधीच जाणार नाही, असे म्हणून ती रुमालाची खरी हकीकत सर्वांसमोर सांगते आणि त्याच्याच हातून मरते.

हे सारे मी आईला सांगितले. तिने हातातला रुमाल घडीवर घडी घालून ठेवला आणि विचारले, “अगं, पण तिचा नमुना उतरवायचा राहूनच गेला की!”