पाच जणांची एक किल्ली, नोंद सहावी: शून्य क्रमांकाचा घोळ

पाच जणांत एक खासगी किल्ली, म्हणजे एक गुप्त संख्या, अशी वाटायची की कोणत्याही तिघांचे वाटे मिळूनच ती निघावी, असा प्रोग्राम मी लिहितोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की कोणतेही तीन वाटे जुळवले की ती किल्ली बरोबर निघते आणि सगळ्या चाचण्या पास होतात. ते खरंच होतं. पण तीच किल्ली एका सहभागीला आयती मिळत होती, आणि हे मला आठवडाभर कळलं नाही.

मांडणी गूढलिपीतज्ज्ञ पेडरसनची, १९९१ची. मध्यस्थ कुणी नाही. प्रत्येक जण आपली एक वर्गबहुपदी (क्ष²पर्यंतची) निवडतो. तिचं स्थिर पद, म्हणजे क्ष नसलेलं, हे त्याचं गुपित. बाकीच्यांना तो क्षच्या जागी ज्याचा-त्याचा क्रमांक घालून येणारी त्या बहुपदीची एकेक किंमत खासगीत पाठवतो आणि सहगुणक एका ठरलेल्या संख्येच्या घातांकात दडवून सगळ्यांसमोर ठेवतो. आलेल्या किमतींची बेरीज, स्वतःची धरून, म्हणजे आपला वाटा. किल्ली म्हणजे पाचही स्थिर पदांची बेरीज, आणि ती कुठेच एका जागी येता कामा नये.

या नोंदीसाठी लहान आकड्यांचा तक्ता करायला घेतला: मूळ संख्या २३, जनक (ज्याचे घात घ्यायचे ती संख्या) २, गट ११ घटकांचा, कारण २च्या घातांना २३ने भागलं की ११च वेगळ्या बाक्या येतात. बहुपदी ४ + ३क्ष + २क्ष². क्रमांक २ला जाते १८, म्हणजे ११ने भागून बाकी ७. पडताळा, म्हणजे आलेली किंमत जाहीर आकड्यांशी जुळते का ते बघणं, फेल्डमनच्या रीतीने: २⁷ची २३ने बाकी १३, जाहीर केलेल्या १६, ८, ४ वरून १६ × ८² × ४⁴, बाकी १३. जुळलं.

मग वरची ओळ पाहिली. क्रमांक ०, किंमत ४. अहो, ते तर स्थिर पदच! अ‍ॅरे (प्रोग्राममधली यादी) शून्यापासून मोजते म्हणून मी सहभागीही शून्यापासून मोजले होते. पाचही जण त्याला आपापलं गुपित जसंच्या तसं पाठवत होते. पडताळाही बिनचूक जुळतो: २⁴ म्हणजे १६. गणितात चूक नव्हतीच, मग ओरडणार कोण?

आता क्रमांक १ ते ५. ११ने भागून बाकी शून्य येईल असा किंवा दुसऱ्याशी सारखी बाकी येईल असा क्रमांक आला की प्रोग्राम तिथेच थांबतो. शिवाय नवी चाचणी लिहिली, आणि तिच्यावर माझा जीव जडलाय: कोणतेही दोन वाटे धरून अकराही संभाव्य किल्ल्या घालून बघायच्या. प्रत्येकीसाठी नेमकी एक बहुपदी बसली पाहिजे. बसते. क्रमांक ० परत घातला की एकच किल्ली उरते आणि चाचणी लाल होते. इतकी छाननी लहान गटातच शक्य आहे, म्हणून तो गट कोडमध्ये कायमचा ठेवतोय.

पुढचं काम अवघड आहे. संशोधक जेनारो आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवलं की या मांडणीत शेवटी बोलणारा सगळ्यांचे जाहीर आकडे पाहून, आपल्याच एका साथीदाराला बाद होऊ द्यायचं की नाही ते ठरवू शकतो. सार्वजनिक किल्लीचा (खासगी किल्लीवरून निघणारी, सगळ्यांना दिसणारी संख्या) शेवटचा बिट, म्हणजे ० किंवा १, मग निम्म्याऐवजी पाऊण वेळा त्याच्या मनासारखा पडतो. तो हल्ला आधी स्वतः लिहून पाहतो, मग दुरुस्तीला हात घालतो.