बायबरीतला आजचा दिवस

आज इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातलं बायबरी गाव पाहिलं. सगळे कोल्न नदीकाठच्या ‘आर्लिंग्टन रो’ या जुन्या दगडी घरांच्या रांगेसमोर फोटो काढतात. साधारण 1380 मध्ये लोकर साठवायला बांधलेलं हे कोठार, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. समोरच्या ‘रॅक आयल’ या पाणथळ कुरणावर धुतलेलं कापड वाळत घालत. छपराकडे नीट बघा: दगडी फरशा वळचणीला मोठ्या, वर आढ्याकडे लहान होत जातात.

अशा गावात घर घ्यायचं असेल तर आधी भिंतींचे सांधे तपासा. चुन्याच्या जागी सिमेंट भरलं असेल तर ओल आत अडकते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, घराची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलणं गुन्हा आहे. नदीकाठ म्हणजे पुराचा विमा आलाच. पुराचा विमा परवडावा म्हणून असलेल्या ‘फ्लड री’ योजनेत 1 जानेवारी 2009 पूर्वीची घरं बसतात, म्हणून जुनं घर इथे फायद्याचं.

गावात रेल्वे नाही. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने केंबल, पुढे टॅक्सी. सकाळी लवकर पोहोचा, नंतर गर्दीत पार्किंग मिळत नाही. आणि कृपया, लोकांच्या खिडक्यांत डोकावू नका. या घरांत आजही माणसं राहतात.