फक्त १४,३०० किलोमीटर

ज्या गाडीबद्दल लिहितो आहे, ती सहा वर्षांत फक्त १४,३०० किलोमीटर चालली होती, आणि माझी चूक त्या आकड्यापाशीच सुरू झाली.

गाडीचे मालक विज्ञानाचे निवृत्त शिक्षक असून वर्कशॉपमध्ये आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. रोजची त्यांची फेरी जेमतेम तीन किलोमीटरची आणि तीही चाळीसच्या आतल्या वेगाने. वर्षातून एकदा मात्र ते मुलीकडे जाण्यासाठी घाट ओलांडून लांबचा प्रवास करतात. या वेळी घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि तिसऱ्या दाबाला थेट तळाला टेकले. सरांनी हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कशीबशी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि डोंगराच्या कडेला उभी केली. आपण अजिबात घाबरलो नव्हतो, असे ते सांगतात; शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचे म्हणणे वेगळे आहे. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखे कडक लागू लागले. वाटेतल्या एका वर्कशॉपने गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, एकही कोड मिळाला नाही, म्हणून गाडीत दोष नाही असे सांगून त्यांना पुढे पाठवले.

या स्कॅनरने आमच्या धंद्यातल्या नव्या मुलांचे हात आखडले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सेन्सरला जे कळते तेवढेच स्कॅनर सांगतो. ब्रेकच्या नळीतल्या द्रवात पाणी मुरले आहे की नाही, हे पाहणारा सेन्सर या गाडीत नाहीच. खरे तर थंड झाल्यावर पेडल आपोआप परत आले, ही एकच गोष्ट निदानाला पुरेशी होती. गळती असती तर पेडल परत आले नसते आणि ब्रेकच्या द्रवाच्या टाकीतली पातळीही उतरली असती. द्रव उकळला, त्याची वाफ झाली, वाफ दाबली जाते म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचला नाही, आणि थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला, हा क्रम यंत्र न लावताही ओळखता यायला हवा.

ज्याला आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, ते तेल नसतेच. ते ग्लायकोलवर आधारलेले रसायन असते आणि हवेतली आर्द्रता शोषून घेणे हा त्याचा स्वभाव असतो. रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही ओलावा हळूहळू आत झिरपतो. डॉट ४ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे, आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. गाडी चालो वा उभी राहो, ओलावा शोषणे थांबत नाही. म्हणून अनेक उत्पादक ब्रेक ऑइल, गाडी कमी चालली असली तरी, साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

नमुना तापवून त्याचा प्रत्यक्ष उत्कलनबिंदू दाखवणारे यंत्र आमच्याकडे आहे आणि ते वापरायला मला आवडते. टाकीतल्या नमुन्याने १६८ अंश दाखवले. मी मुद्दाम पुढच्या दोन्ही कॅलिपरचे, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागांचे, निपल (द्रव बाहेर काढायचे छोटे स्क्रू) सैल करून तिथलाही द्रव काढला, कारण उष्णता तिथे असते आणि टाकीतला द्रव तिथवर फारसा फिरत नाही. डावीकडचा नमुना १४९ अंशांना उकळला आणि उजवीकडचा १५२ अंशांना. ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटे असतात, ती एक निकामी झाले तरी दुसऱ्याने गाडी थांबावी म्हणून. पण पाणी दोन्हींत सारखेच मुरले असेल, तर त्या व्यवस्थेचा उपयोग होत नाही.

चाक उतरवल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. डावा कॅलिपर ज्यांवर मागेपुढे सरकतो, त्यांतल्या खालच्या सरक पिनेवरचे ग्रीस सुकून तिथे गंज धरला होता, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहत होते. आतले पॅड जवळजवळ संपले होते, बाहेरचे निम्म्याहून अधिक शिल्लक होते, आणि डिस्कवर अति तापल्याची निळसर झाक आली होती. रोज धावणाऱ्या गाडीत हे पॅड लवकर बदलले जातात आणि त्या निमित्ताने पिना साफ होऊन ग्रीसही लागते. सरांच्या गाडीचे पॅड बदलायची वेळच आली नव्हती, म्हणून सहा वर्षांत त्या पिनेला कोणी हात लावला नव्हता. तीन किलोमीटरच्या फेरीत ते घासणे जाणवण्याइतके चाक तापतही नव्हते.

आता सरांची सवय. पेट्रोल वाचावे म्हणून ते उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कार्बोरेटरच्या काळात या सवयीत थोडे तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर इंधनाचा पुरवठाच बंद होतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. मी हे सांगितल्यावर सरांनी जॉब कार्डाची, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदाची, पाठ मागून घेतली आणि गणित मांडले. माणसांसह गाडीचे वजन १,३०० किलो, उतार ६०० मीटरचा, म्हणजे सुमारे ७६ लाख ज्यूल. हवा आणि टायर त्यातला काही भाग खातात, तो वजा न करता त्यांनी पुढे लिहिले, की एवढ्या उष्णतेने २६ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत नेता येईल. इंजिनाला यातला वाटा उचलू दिला नाही, म्हणून जवळजवळ सगळा भार ब्रेकवर आला, हे त्यांनी माझ्याआधी सांगितले.

मग त्यांनी कागदावरून मान वर करून विचारले, "चौदा महिन्यांपूर्वी तुम्हीच गाडी पाहिली होती ना? तेव्हा काय तपासलं होतं?"

जुने जॉब कार्ड संगणकात होते. 'ब्रेक ऑइल' या ओळीपुढे 'ठीक' अशी खूण होती आणि खाली माझी सही होती. मी फक्त टाकीतली पातळी पाहिली होती, आणि ती वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. पुस्तिकेत 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' असे छापलेले असते, हे मी रोज ग्राहकांना ऐकवतो. पण त्या दिवशी मीटर पाहून मला ती गाडी नवीच वाटली. त्याच भेटीत आमच्या सल्लागाराने सरांना इंजिन आतून साफ करण्याचे एक पॅकेज मात्र विकले होते. त्याची या गाडीला काडीचीही गरज नव्हती. अशी पॅकेजे किती खपली, याचा हिशेब महिनाअखेरीस होतो; ब्रेक ऑइल किती गाड्यांचे बदलले, हे कोणी विचारत नाही.

"पातळी पाहिली होती," असे मी सरांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

गाडीचे ब्रेक ऑइल चारही चाकांपासून पूर्ण बदलले, पिना साफ करून ग्रीस लावले, डिस्क आणि पॅड नवे टाकले, आणि ट्रायल घेताना सरांनाच स्टिअरिंगवर बसवून एका उतारावर दुसऱ्या गिअरची सवय करून घेतली. इंजिनाचा आवाज चढला की त्यांचा हात अजूनही न्यूट्रलकडे जातो.

त्यानंतरच्या रविवारी मी बसून कमी चाललेल्या गाड्यांची जुनी जॉब कार्डे काढली. माझ्या सहीची आणि त्याच खुणेची सतरा निघाली. फोन अकरा जणांनी उचलला आणि गाडी घेऊन आतापर्यंत चौघे आले आहेत. एकाने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि "अहो, आमची गाडी तर नुसती उभीच असते" असे म्हणून फोन ठेवला.