ट्रेलरवर बसलेली सिट्रोएन डीएस

काल हायवेच्या कडेला एक ट्रेलर दिसला, टायर बसलेला, ओढणारी गाडी गायब, आणि वर चक्क सिट्रोएन डीएस, ती जुनी फ्रेंच कार! राहवलंच नाही, मी गाडी बाजूला घेतली. 1955 ते 1975 एवढीच वर्षं बनली ही, हिला स्टीलच्या स्प्रिंगा नाहीतच, गॅस आणि तेलाच्या प्रेशरवर तोललेली असते, इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसते, तशीच पोटावर बसली होती बिचारी. पुढे काचेआड चार दिवे म्हणजे 1967 किंवा नंतरची, त्यातले आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळतात (काय डोकं लावलंय!). खाली फळीवर हिरव्या तेलाचा थेंब, अजून ओला. खिडकीतून ते एकाच दांडीचं स्टिअरिंग बघत किती वेळ उभा होतो काय माहीत. नीट घरी पोचू दे रे तिला.