आमची वाटचाल : पिंपातल्या साक्यापासून चुंबकी दाण्यांपर्यंत

आमच्या कामाची सुरुवात पन्नास लिटरच्या एका प्लास्टिकच्या पिंपात झाली. त्यात फेरिक क्लोराइड आणि स्ट्रॉन्शियम क्लोराइडचं द्रावण, वर ढवळणारी मोटर, बाजूला कॉस्टिक सोड्याची बादली. सोडा पडू लागला की पिवळट द्रावण बघता बघता दाट होतं आणि गंजाच्या रंगाचा साका तयार होतो. तो धुवायचा, गाळायचा, वाळवायचा, भट्टीत घालायचा. भट्टीतून निघते काळपट पावडर, म्हणजे स्ट्रॉन्शियम फेराइट, लोहाच्या ऑक्साइडपासून झालेला चुंबकी पदार्थ. ही पावडर नायलॉनमध्ये किंवा रबरात मिसळून चुंबकाचे दाणे आणि पट्ट्या करायच्या, हा आमचा धंदा.

फेराइट काही आम्ही शोधलेलं नाही. १९३० च्या सुमारास तोक्योमध्ये योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी त्याचा पाया घातला, आणि बेरियम फेराइटचे चुंबक फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आले. आजही बहुतेक माल कोरड्या पद्धतीनेच होतो. लोहाचं ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम कार्बोनेट एकत्र करून बाराशे अंशांच्या आसपास भाजतात, त्याचे कडक खडे होतात, मग ते बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळतात. दळताना कणांच्या स्फटिकरचनेला मार बसतो आणि कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व उलटवायला होणारा विरोध, घसरते. आमच्या रासायनिक पद्धतीत लोह आणि स्ट्रॉन्शियम पाण्यातच एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे नऊशे अंशांच्या आसपास काम भागतं आणि कण मायक्रॉनपेक्षा लहान राहतात. इतक्या लहान कणात चुंबकत्वाचं एकच क्षेत्र मावतं, म्हणून त्याची दिशा उलटवणं अवघड जातं. आम्हाला हवं होतं ते हेच.

पहिली काही वर्षं मात्र धुण्यातच गेली. सूत्राप्रमाणे एका स्ट्रॉन्शियमला बारा लोह लागतात. आम्ही तंतोतंत तेवढंच घेत होतो आणि पावडर कागदावर बोटाने ओढली की लालसर छटा दिसायची. थोडं स्ट्रॉन्शियम पाण्यातच विरघळलेलं राहून धुण्यात निघून जायचं, उरलेल्या लोहाचं हेमॅटाइट, म्हणजे लाल ऑक्साइड, व्हायचं आणि ते चुंबकाच्या काही कामाचं नाही. स्ट्रॉन्शियम जरा जास्त घेऊ लागलो तेव्हा ती छटा गेली.

त्याहून मोठा धडा एका घाईच्या ऑर्डरने दिला. मुदत जवळ आली होती, म्हणून शेवटच्या दोन धुण्या मी स्वतः वगळायला सांगितल्या. भट्टीतून पावडर चकाकती निघाली. बघून आम्हाला आनंदच झाला, पण कोअर्सिव्हिटी मोजली तर नेहमीपेक्षा बरीच कमी. सूक्ष्मदर्शकाखाली सुबक षटकोनी चकत्या दिसल्या, नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या. क्लोराइड आणि सोडा यांतून मीठ तयार होतं; साक्यात राहिलेलं हे मीठ ८०१ अंशाला वितळतं आणि त्या वितळलेल्या मिठात कण फोफावतात. ती सगळी बॅच बाजूला काढली आणि ग्राहकाला उशीर का झाला ते खरं सांगितलं. तेव्हापासून धुण्याची शेवटची खूण ठरलेली आहे. गाळणीखालचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घालायचे, मग सिल्व्हर नायट्रेट. जरा जरी दुधाळ झालं, तरी मीठ शिल्लक आहे, पुन्हा धुवायचं. आम्ल आधी घालायचं विसरलं तर शिल्लक सोड्यामुळे पाणी तपकिरी होतं आणि माणूस फसतो. नव्या मुलांना ही चाचणी मी अजून स्वतः शिकवतो.

पावडर जमली, आता सगळं सोपं, असं वाटलं होतं. पण खरी कसोटी नायलॉनने घेतली. चुंबकाची ताकद भरणावर, म्हणजे नायलॉनमध्ये किती फेराइट बसवलं त्यावर, अवलंबून असते. ऊर्जा-गुणाकार, म्हणजे त्या ताकदीचं माप, साधारण भरणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून प्रत्येक टक्का मोलाचा. वजनाने नव्वद टक्के फेराइट म्हणजे आकारमानाने सुमारे सदुसष्ट टक्के, कारण फेराइटची घनता ५.१ आणि नायलॉनची १.१४. एवढ्या गर्दीत आमची बारीक पावडर घातली आणि एक्सट्रूडरची, म्हणजे वितळलेलं मिश्रण दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्राची, मोटर बंद पडली. बारीक कणांचा पृष्ठभाग प्रचंड असतो, ते सगळं नायलॉन पिऊन टाकतात आणि वाहायला काही उरत नाही. मोजणी-यंत्रावर सर्वात चांगली ठरलेली पावडर मशीनवर सर्वात वाईट ठरली. हे पचवायला आम्हाला वेळ लागला.

उपाय दोन सापडले. एक, जाड दळलेल्या फेराइटमध्ये आमची बारीक पावडर मिसळायची. जाड कणांमधल्या फटीत बारीक कण बसतात, भरण वाढतं आणि माल वाहतोही. दुसरा, पावडरीला सिलेनचा पातळ थर द्यायचा. त्याआधी दाण्यांपासून साच्यात केलेल्या चुंबकाच्या कड्या शाफ्टवर बसवतानाच तडकत. सिलेनमुळे कण आणि नायलॉन एकमेकांना धरून राहू लागले. नायलॉन पाणी ओढतं, म्हणून मोल्डिंगआधी दाणे नीट वाळवणंही तेव्हाच अंगवळणी पडलं.

रबराच्या पट्ट्यांनी मात्र फारसा त्रास दिला नाही. चकतीसारखे कण रोलरमधून जाताना आपोआप आडवे होतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र न लावताही बरीच दिशा मिळते.

ग्राहकाला आम्ही एक प्रश्न आवर्जून विचारतो : तुमचं यंत्र किती थंडीत चालणार? उष्णतेबद्दल सगळेच विचारतात. पण फेराइटची कोअर्सिव्हिटी थंडीत कमी होते, आणि कडाक्याच्या थंडीत मोटर जोर लावून सुरू झाली तर चुंबक कायमचा दुबळा होऊ शकतो. हे आधी कळलं तर कडीची जाडी बदलता येते. ऑर्डर हातची गेली तरी चालेल, पण हे न विचारता माल द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

आता पिंपाच्या जागी मोठी टाकी आहे, आतून रबराचं अस्तर लावलेली, कारण क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खातं. शेजारी निकेल-झिंक फेराइटचे पहिले घाणे चालू आहेत. सूक्ष्मलहरी शोषणाऱ्या रबरी चादरींसाठी ते हवे आहेत. त्या घाण्याचं धुणं काल रात्री उशिरापर्यंत चाललं होतं. सातव्या पाण्याला परीक्षानळी स्वच्छ राहिली, तेव्हा भट्टी पेटवली.