सत्तरच्या जरा पुढे

दोन सेकंद. तेवढेच लागले असतील मला. ग्रुपमध्ये घ्या म्हणून आलेली विनंती: कानडीतल्या तीन ओळी, फोटोच्या जागी जास्वंद, खातं आठवड्यापूर्वीचं. नकार दाबला आणि चहा घेतला.

आज बेळगावच्या खडेबाजारात बापू भेटले. "मास्तरांना का घेतलं नाहीस रे? सेट उघडून बसलेत की."

आमच्या जुन्या रेडिओच्या ग्रुपवर दारवान मीच. आधी प्रश्न असायचा, आय.एफ. (सेटच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) किती? 455 हे उत्तर घरबसल्या कमाईवाले, शेअरच्या टिपावालेसुद्धा बिनचूक देऊ लागले. दोन दिवस 'छान माहिती सर', तिसऱ्या दिवशी लिंक. मग 'कर्ज' शब्द अडवला, तर कर्जतच्या पाहुण्यांचं सगळंच अडकलं. (व्हॉल्व्ह देणार होते ते. असो.) म्हणून गूगलला येणार नाही असा प्रश्न काढला: तुमच्या सेटवर धारवाड कुठे लागतं?

धारवाड आकाशवाणी 765 किलोहर्ट्झवर, हे कुणीही सांगेल. काटा कुठे थांबतो ते ज्याच्या घरी सेट आहे त्यालाच ठाऊक. मास्तरांनी लिहिलेलं म्हणे, सत्तरच्या जरा पुढे, काट्याचा दोरा सैल झालाय. याहून चांगलं उत्तर आजवर आलेलं नाही.

मला कानडी वाचता येतं, बसच्या पाटीइतकं. तीन ओळींना पाच मिनिटं गेली असती. दिली नाहीत. आणि विचारलं होतं काय, तर धारवाड! धारवाडचं विचारायचं आणि उत्तर कानडीत आलं की दचकायचं. सांगली खरखरायला लागली की बाबा धारवाडच लावायचे. कळायचं किती देव जाणे, पण पाऊस कुठे झाला ते आईला सांगायचे. बाबांचं राहू दे.

रोज रात्री जेवण झाल्यावर हा कचरा मीच काढायचा, फुकट. शंभर बरोबर अडवले तर कुणी विचारत नाही, एक चुकला की भरबाजारात जाब. कोण सांगितलंय?

मीच घेतलंय की मागून.

फोन करायचा तर कानडीत सुरुवात कशी करू, हेही बापूंना विचारलं. ते हसायलाच लागले. "मास्तरांचा जन्म शहापुरात गेला रे. घरात मराठीच. लिहितात तेवढं कानडीत, शाळा तसली."

आत्ता दारात अकरा जण आहेत. कर्जवाले चार, ते घालवले. एकाला धारवाड कुठे लागतं विचारलंय, त्याचं उत्तर: 'हो'.

ठेवलाय त्याला. सकाळी बघू.